ओळखीचे गाणे, नवी बैठक

एखादे गाणे आवडले की आपण म्हणतो, 'वा! चाल काय सुरेख आहे!' त्या चालीच्या खाली काय वाजत होते, याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. त्यात वावगेही काही नाही. आपले संगीत मुळात एका वेळी एका स्वराचे. गवयाने षड्ज लावला, तानपुरा मागे झंकारू लागला, तबलजीने ठेका धरला, की मैफलीचा संसार पुरा झाला. पण आपल्या कानांवर दुसऱ्या एका जातीचे संगीतही किती तरी वर्षे पडत आलेले आहे. स्वातंत्र्यदिनाच्या परेडचा पोलीस बँड घ्या, लग्नातला बँड घ्या, हिंदी बोलपटातली गाणी घ्या, नाही तर कॉलेजच्या स्नेहसंमेलनात गिटार घेऊन उभा राहिलेला एखादा विद्यार्थी घ्या. इथे चालीबरोबर, चालीच्या पोटात, आणखी काही स्वर एकाच वेळी वाजत असतात. अशा एकत्र वाजणाऱ्या तीन-चार स्वरांच्या जुडीला कॉर्ड म्हणतात. शब्द परका आहे, पण आता गिटारवाल्यांनी आणि पेटीवाल्यांनी तो घरचाच करून टाकला आहे. तेव्हा आपणही तोच वापरू.

आज मला बोलायचे आहे ते एवढ्याच गोष्टीवर. गाणे सर्वांच्या ओळखीचे आहे. त्याची चाल तिळमात्र बदलायची नाही. फक्त खालची कॉर्ड बदलायची, किंवा कॉर्ड तीच ठेवून तिच्या स्वरांची मांडणी बदलायची. एवढ्याने गाणे समृद्ध होते का? होत असेल तर ते कसे? आणि ते बिघडते केव्हा? मी संगीताचा पंडित नव्हे. मी कॉलेजात इतिहास शिकवणारा माणूस. घरी एक जुनी पेटी आहे आणि संध्याकाळी तिच्यावर बोटे फिरवण्याची हौस आहे. तेव्हा हे बोलणे हौशी माणसाने हौशी माणसांशी केलेले आहे, असे समजावे.

प्रथम थोडी बाराखडी. पेटीची पांढरी एक षड्ज धरा. सा, ग आणि प हे तीन स्वर एकदम दाबा. ही झाली षड्जावरची कॉर्ड. तिला आपण घर म्हणू, कारण गाणे बहुधा तिथून निघते आणि तिथेच परत येते. म, ध आणि वरचा सा ही दुसरी. प, नि आणि वरचा रे ही तिसरी. एवढ्या तीन कॉर्डांवर जगातली हजारो साधी गाणी उभी आहेत. सप्तकातला कोणताही शुद्ध स्वर या तिहींपैकी कुठल्या तरी एकीत सापडतोच, म्हणून कोणतीही साधी चाल या तीन खांबांवर उभी करता येते. गिटार शिकणारा मुलगा पहिल्या महिन्यात हेच शिकतो.

आता गंमत पुढेच आहे. चालीत षड्ज आलेला आहे असे समजा. तो सा-ग-प या कॉर्डमध्ये आहे. पण म-ध-सा या कॉर्डमध्येही तो आहेच, आणि ध-सा-ग या कॉर्डमध्येही आहे. कोमल स्वरांना घरात घेतले तर सा-कोमल ग-प, म-कोमल ध-सा, आणि कोमल ध-सा-कोमल ग या आणखी तीन कॉर्डांत तो सापडतो. म्हणजे एका षड्जाला सहा बैठका झाल्या. गाणाऱ्याने स्वर बदललेला नाही. तो तोच सा लावून उभा आहे. पण सा-ग-प वर तो घरच्या ओटीवर निवांत बसल्यासारखा वाटतो, ध-सा-ग वर तोच थोडा उदास होतो, आणि कोमल धैवतावरची कॉर्ड खाली आली की एकदम परगावच्या स्टेशनावर उतरल्यासारखा वाटतो. माणूस तोच, कचेरीत साहेब, घरी बाबा आणि सासुरवाडीला जावईबापू. नाते बदलले की त्याचे रूप बदलते. स्वराचेही तसेच आहे. स्वराला अर्थ येतो तो शेजाऱ्यांमुळे.

हा विचार आपल्याला परका आहे असे मात्र समजू नका. मूर्च्छनेचे तत्त्व हेच सांगते. भूप घ्या : सा, रे, ग, प, ध. हेच पाच स्वर ठेवा आणि गांधाराला षड्ज माना. मालकंसाचे स्वर मिळतात. पंचमाला षड्ज माना, दुर्गेचे मिळतात. धैवताला माना, धानीचे मिळतात. पट्ट्या त्याच, पण पाया हलला की रागच पालटतो. पाश्चात्य संगीतकार कॉर्ड बदलतो तेव्हा तो जवळजवळ हेच करीत असतो. फरक इतकाच, की आपण पाया एकदा ठरवला की मैफल संपेपर्यंत तो हलवत नाही, आणि तो दर ओळीला, कधी कधी दर शब्दाला हलवतो.

आता हा खेळ ज्याने पराकोटीला नेला त्या माणसाकडे वळू. योहान सेबास्टियन बाख हा जर्मन संगीतकार १६८५ साली जन्मला आणि १७५० साली वारला. विशीच्या आतच तो आर्नश्टाट नावाच्या गावी चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्याच्या नोकरीला लागला. चर्चमध्ये जमलेले लोक परंपरेची स्तोत्रे गात, आणि ऑर्गनवाल्याने त्यांना साथ करायची, असा रिवाज होता. ही स्तोत्रे लोकांना तोंडपाठ. आपल्याकडे आरत्या असतात तशी. फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांनी या पोराला समोर बोलावून घेतले. एक तक्रार अशी, की चार आठवड्यांची रजा घेऊन तो थोर वादक बुक्स्टेहुडे याला ऐकायला ल्यूबेकला गेला आणि चार महिने लावून परत आला. दुसरी तक्रार आपल्या विषयाची आहे : स्तोत्राच्या साथीत तो विचित्र फेरफार करतो, परके स्वर मिसळतो, आणि त्यामुळे गाणाऱ्या मंडळींचा गोंधळ उडतो!

श्रोतेहो, या तक्रारीला हसू नका. ती खरी होती. गाणाऱ्या माणसाला आपल्या पायांखालची जमीन ओळखीची असावी लागते. आरती ऐन रंगात आली असताना पेटीवाल्याने नको तो स्वर धरला तर आपलीही अशीच तारांबळ उडेल. बाखचा पुढचा सगळा प्रवास म्हणजे जणू या तक्रारीला दिलेले उत्तर आहे. परके स्वर त्याने सोडले नाहीत; पण ते कुठे घालायचे आणि का घालायचे, हे त्याने शोधून काढले.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे संत मॅथ्यूच्या शुभवर्तमानावर त्याने रचलेले 'पॅशन' हे दीर्घ संगीतकाव्य. ते लाइप्त्सिग शहरात बहुधा १७२७ साली प्रथम गायले गेले. त्यात एक चाल पाच वेळा येते. ती बाखची नव्हेच. हान्स लेओ हासलर नावाच्या संगीतकाराने १६०१ साली ती एका प्रेमगीतासाठी छापली होती. पुढे लोकांनी तिच्यावर स्तोत्राचे शब्द बसवले आणि ती घरोघर गेली. बाखने ही ओळखीची चाल पाच ठिकाणी घातली, पण बहुतेक वेळी खालच्या कॉर्डांचा मामला निराळा. आरंभी ती जवळजवळ शांत, भरवशाची वाटते. शेवटच्या वेळी, म्हणजे येशूने प्राण सोडल्यानंतर, तीच चाल येते तेव्हा खालचे स्वर अर्ध्या अर्ध्या स्वराने सरकत जातात, पाया कुठेच घट्ट लागत नाही, आणि ऐकणाऱ्याच्या पोटात कालवते. चाल मात्र तीच आहे. जे लोक ती लहानपणापासून गात आले, त्यांनाच या फरकाचा चटका बसतो. नवख्या कानाला ते केवळ एक दुःखी गाणे वाटेल. ओळखीच्या गाण्याचा खरा उपयोग इथे आहे : जुने आठवत असते, म्हणूनच नवे बोचते.

बाखने केलेल्या अशा चौपदरी मांडण्यांचा संग्रह त्याच्या मृत्यूनंतर, १७८४ ते १७८७ या काळात छापला गेला. त्यात तीनशे एकाहत्तर स्तोत्रे आहेत, आणि काही चाली दोनदा-तीनदा, निरनिराळ्या पोशाखात येतात. आजही युरोप-अमेरिकेत स्वररचना शिकणाऱ्या विद्यार्थ्याला याच स्तोत्रांवर बसवतात. आपल्याकडे पखवाज्याला गणित शिकवतात तसे.

असो. आता आपण आपल्या पेटीकडे येऊ आणि हे प्रत्यक्षात कसे करतात ते पाहू. उदाहरणाला एक चाल घेऊ, जी बालवाडीतल्या मुलांनाही ठाऊक आहे. आकाशात लुकलुकणाऱ्या ताऱ्याचे ते इंग्रजी बालगीत. चाल मूळची फ्रेंच, अठराव्या शतकातली. मोझार्टनेही १७८१-८२ च्या सुमारास तिच्यावर बारा निरनिराळी रूपे बांधली, आणि त्यांतले आठवे रूप कोमल गांधाराच्या अंगाने नेऊन त्या बालिश चालीला चक्क गंभीर करून टाकले. ही चाल षड्जावरून पंचमावर उडी घेते, धैवताला शिवते आणि मग मध्यमापासून एक एक पायरी उतरत षड्जावर येते. आपण फक्त ही उतरण घेऊ : मध्यम, गांधार, ऋषभ, षड्ज.

साधी साथ अशी होईल : मध्यमाखाली म-ध-सा, गांधाराखाली सा-ग-प, ऋषभाखाली प-नि-रे, षड्जाखाली पुन्हा सा-ग-प. बरोबर आहे, स्वच्छ आहे, बाळबोध आहे.

आता पहिली युक्ती. ज्या दोन कॉर्डांत दोन स्वर समाईक आहेत, त्या एकमेकींच्या जागी बसू शकतात. म-ध-सा आणि रे-म-ध यांत म आणि ध समाईक. सा-ग-प आणि ध-सा-ग यांत सा आणि ग समाईक. तेव्हा मध्यमाखाली रे-म-ध धरा, गांधाराखाली ध-सा-ग, ऋषभाखाली प-नि-रे तशीच ठेवा, आणि शेवटच्या षड्जाखाली घरची कॉर्ड न देता पुन्हा ध-सा-ग द्या. चाल घरी पोचली, पण खालचा आधार दारातच थांबला. ऐकणाऱ्याला वाटते, अजून काही सांगायचे राहिले आहे. म्हणून ही युक्ती गाण्याच्या अगदी शेवटी चालत नाही. शेवटच्या कडव्याच्या आधी चालते. पुढे आणखी काही आहे, ही सूचना ती देते.

दुसरी युक्ती वाटाड्याची. कोणत्याही कॉर्डकडे जायचे असेल तर तिच्या पायाच्या स्वरापासून जो पंचम येईल, त्यावरची चार स्वरांची कॉर्ड आधी वाजवावी. उदाहरणार्थ, रे-म-ध कडे जायचे आहे. ऋषभाला षड्ज मानले तर त्याचा पंचम धैवत. मग धैवतावर ध, कोमल रे, ग, प अशी कॉर्ड बांधा आणि क्षणभर वाजवून रे-म-ध वर उतरा. कोमल ऋषभ शुद्ध ऋषभाकडे ओढ घेतो, प मध्यमाकडे झुकतो, आणि आपण कुठे जाणार हे कानाला आधीच समजते. पाहुणा येण्याआधी निरोप्या यावा, तसा हा प्रकार.

तिसरी युक्ती जाझवाल्यांची लाडकी. प-नि-रे या कॉर्डमध्ये वरचा मध्यम घातला की प-नि-रे-म होते. तिच्यातली बेचैनी कुठे आहे? ती आहे निषाद आणि मध्यम या जोडीत. या दोघांत सहा अर्धस्वरांचे, म्हणजे बरोबर अर्ध्या सप्तकाचे अंतर आहे. निषादाला षड्जाकडे जायचे आहे आणि मध्यमाला गांधाराकडे. आता कोमल ऋषभावर अशीच कॉर्ड बांधा : कोमल रे, म, कोमल ध, नि. पाहा, बेचैन जोडी तीच! म आणि नि दोन्हीकडे आहेत. म्हणून ही कॉर्ड त्या कॉर्डच्या जागी बसते. आणि फायदा काय? आधी खालचा स्वर रे वरून प वर आणि प वरून सा वर उड्या मारीत होता. आता तो रे, कोमल रे, सा असा घसरत जातो. पण सावधान. आपल्या बालगीतात या जागी चालीत शुद्ध ऋषभ आहे, आणि खाली कोमल ऋषभ आला तर दोघे शेजारी भांडतील. चालीत त्या वेळी मध्यम, निषाद किंवा पंचम असेल तर ही युक्ती शोभते. म्हणजे युक्ती कितीही गोड असली तरी आधी चालीला विचारावे लागते.

इथवर कॉर्ड बदलण्याचे झाले. आता कॉर्ड न बदलता फक्त मांडणी बदलणे, हा दुसरा भाग. आणि माझ्या मते हाच अधिक नाजूक. एकच भाजी ताटात कुठे वाढली यावर पंगतीचे देखणेपण ठरते की नाही? तसेच आहे. सा-ग-प या कॉर्डच्या तळाशी सा असेल तर ती भक्कम वाटते; तळाशी ग असेल तर ती पुढे पाऊल टाकायला तयार दिसते; तळाशी प असेल तर अधांतरी वाटते. आपल्या उतरणीवर हे करून पाहा. मध्यमाखाली म-ध-सा च ठेवा, पण तळाशी धैवत घ्या. गांधाराखाली सा-ग-प च, पण तळाशी पंचम. ऋषभाखाली प-नि-रे, तळाशी पंचमच. मग षड्ज, तळाशी षड्ज. एकही कॉर्ड बदललेली नाही. पण तळाचा स्वर ध, प, प, सा असा चालला, आणि त्या बालगीताला एकदम चर्चच्या घुमटाखालचे भारदस्तपण आले.

मांडणीचे दोन नियम हौशी माणसाने बोटांना लावून घ्यावेत. पहिला असा : समाईक स्वरावरचे बोट उचलू नये आणि बाकीची बोटे जवळात जवळच्या पट्टीवर न्यावीत. सा-ग-प वरून म-ध-सा वर जाताना सारा हात उचलून पुढे नेण्याचे कारण नाही. सा तिथेच राहू द्या. ग वरचे बोट म वर आणि प वरचे ध वर सरकवा. तीन स्वर म्हणजे तीन गाणारी माणसे आहेत असे समजा. त्यांना उड्या मारायला लावू नका, चालवा.

दुसरा नियम असा : खाली विरळ, वर दाट. खर्जात तीन स्वर चिकटून वाजवले तर नुसता गढूळ आवाज येतो. तेच वर घेतले तर गोड लागतात. याचे कारण तानपुऱ्यात आहे. खर्जाची तार छेडली की तिच्या पोटातून क्रमाने वरचा षड्ज, त्याच्या वरचा पंचम, पुढचा षड्ज आणि मग गांधार उमटतो. तोच तो स्वयंभू गांधार, जो कोणत्याही तारेवर लावलेला नसतो आणि तरी ऐकू येतो. निसर्गानेच खाली मोठी अंतरे ठेवली आणि वर लहान. जो वादक कॉर्डचे स्वर असे पसरतो, तो निसर्गाच्या बाजूने वाजवतो. सा-ग-प-नि ही कॉर्ड एका मुठीत धरण्याऐवजी पंचम काढून खालच्या सप्तकात टाका : मंद्र प, मग सा, ग, नि. मूठ उघडली की आत वारा खेळतो.

अमेरिकेतल्या जाझ वादकांनी या कलेचे शास्त्रच केले. बिल इव्हान्स या पियानोवादकाने १९५९ साली, १९३७ च्या हिमगौरीच्या चित्रपटातले एक साधे गाणे आपल्या तिघांच्या संचात वाजवले. पायाचा स्वर वाजवायला शेजारी बासवाला आहे, मग पियानोने तो कशाला धरावा, असा त्याचा हिशेब. त्याने डाव्या हातातून पायाचा स्वरच काढून टाकला आणि उरलेल्या स्वरांची अशी मांडणी केली, की कॉर्ड हवेत तरंगावी. जॉन कोल्ट्रेनने सप्तकाचे तीन समान भाग केले. सा, ग आणि कोमल ध हे तीन खांब मानून तो जुन्या गाण्याच्या कॉर्डांमध्ये नव्या कॉर्डा कोंबू लागला. गर्श्विनच्या १९३० च्या एका लोकप्रिय गाण्यावर त्याने १९६० साली हाच प्रयोग केला. उलट दिशेने जाणारेही झाले. चार्ली पार्करने १९४५ साली एका गाजलेल्या गाण्याच्या कॉर्डा जशाच्या तशा ठेवल्या आणि वरची चालच टाकून नवी बसवली! घर ठेवले आणि बिऱ्हाड बदलले.

हे सारे समुद्रापलीकडचे झाले. पण या कलेचे एक बिऱ्हाड आपल्या मुंबईतही होते, आणि तिथली माणसे गोव्याहून आलेली होती. पोर्तुगीज अमदानीत गोव्याच्या चर्चशाळांतून मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवीत. तिथल्या मांडोत दोन आवाज तिसऱ्या-सहाव्या स्वराच्या अंतराने जोडीने चालतात, ते त्याच संस्कारामुळे. ही मुले पोटासाठी मुंबईला आली, हॉटेलांतून जाझ वाजवू लागली आणि मग बोलपटांच्या वाद्यवृंदात शिरली. संगीत दिग्दर्शक चाल पेटीवर गुणगुणून दाखवी. तिच्याखाली कोणत्या कॉर्डा, व्हायोलिनांनी काय वाजवायचे, चेलोने कुठे उतरायचे, हे कागदावर लिहिणारा अरेंजर बहुधा गोवेकर असे. सेबास्टियन डिसोझा यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांना असा साज चढवला. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय आणि पाश्चात्य वादकांना एकत्र आणून रागांवर आधारलेला वाद्यवृंद उभा केला. प्यारेलाल हे त्यांचे शिष्य. १९७७ सालच्या चित्रपटातल्या एका गाण्यामुळे त्यांचे नाव देशभर गाजले, पण ते नाव एका खऱ्या माणसाचे आहे, हे गाणाऱ्यांना कुठे ठाऊक होते? पडद्यावरच्या नामावळीत अरेंजरचे नाव पुष्कळदा येतच नसे. आपण चालीला दाद देत आलो. त्या चालीला बैठक देणारा माणूस मात्र अंधारात राहिला. आज जुनी गाणी ऐकताना एवढे तरी करता येईल : एकदा तेच गाणे चालीकडे दुर्लक्ष करून, फक्त खालचे ऐका. दुसरेच गाणे सापडेल.

आता एका आक्षेपाचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे बरे नव्हे. आमच्या कॉलेजात संस्कृत शिकवणारे एक वडीलधारे प्राध्यापक होते. उत्तम कानाचे गृहस्थ. ते म्हणत, "अहो, गाणं स्वतःच्या पायांवर उभं राहतं. त्याला हे टेकू कशाला?" आक्षेप जुना आहे आणि वजनदारही आहे. पेटीचे ठरावीक पट्ट्यांचे स्वर आणि त्यांत न येणारी मींड, या कारणांनी आपल्या नभोवाणीनेही १९४० साली पेटीला दार बंद केले होते. ते १९७१ पर्यंत उघडले नाही. मग कॉर्डांना रागाच्या घरात जागा आहे का?

हे नुसत्या मताने सोडवू नका. स्वर मोजून पाहा. भूपात म आणि नि वर्ज्य. मग त्या पाच स्वरांत तीन स्वरांच्या सरळ कॉर्डा किती बसतात? दोनच : सा-ग-प आणि ध-सा-ग. म-ध-सा वाजवलीत की मध्यम शिरला आणि भूप गेला. मालकंसात आणखी मोठी पंचाईत आहे. तिथे पंचमच नाही, म्हणून षड्जाच्या पायावर सरळ कॉर्ड उभीच राहत नाही! बसतात त्या दोन : म-कोमल ध-सा आणि कोमल ध-सा-कोमल ग. दोन्हींचा पाया षड्जाबाहेर आहे. त्या सारख्या वाजवत राहिलात तर ऐकणाऱ्याला मध्यमच षड्ज वाटू लागेल, आणि मालकंस बसल्या जागी धानी होऊन जाईल. तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावून आपले गवई जे साधतात, ते साधायला अपार संयम लागतो. तेव्हा त्या वडीलधाऱ्या प्राध्यापकांचे म्हणणे रागापुरते खरे आहे. जिथे सारा अर्थ एका अचल षड्जावर उभा आहे, तिथे पाया हलवणे म्हणजे देवळाचा चौथरा हलवणे.

पण सगळी गाणी म्हणजे राग नव्हेत. भावगीत आहे, सिनेगीत आहे, स्तोत्र आहे, प्रार्थना आहे. तिथे शब्द पुढे सरकतात, कडव्याकडव्याला भाव पालटतो, आणि चाल मात्र तीच राहते. ती अडचण कॉर्ड दूर करते. पहिल्या कडव्यात आई अंगणात उभी आहे, तिसऱ्यात अंगण रिकामे आहे. चाल तीच आहे. मग खालची जमीन बदलली तर काय बिघडले? उलट शब्दांना न्यायच मिळाला.

माझ्या विद्यार्थ्यांपैकी गिटार वाजवणारी काही मुले घरी येतात. त्यांना दर दोन मात्रांना नवी कॉर्ड घालण्याचा मोह होतो. एकाने मला विचारले, "सर, एवढ्या सुंदर कॉर्डा शिकलो, मग त्या वापरायच्या कधी?" मी त्याला म्हटले, "गाण्याने मागितल्या तर." तो हसला, पण मला वाटते, सारे मर्म तिथेच आहे. आमटीत मसाला घालायचा तो डाळीची चव खुलावी म्हणून. मसाल्याचीच चव लागू लागली की स्वयंपाक फसला.

तेव्हा घरी हा प्रयोग करणारांसाठी तीन-चार गोष्टी सांगतो. पहिले कडवे अगदी साधे, बाळबोध वाजवा. ऐकणाऱ्याला घर ओळखू द्या. ज्याला घर ठाऊक नाही, त्याला घरापासून दूर नेण्यात काय अर्थ? दुसऱ्या कडव्यात फक्त एक जागा बदला, आणि ती शब्दाने मागितलेली असू द्या. कॉर्ड बदलण्याआधी मांडणी बदलून पाहा; दहांपैकी सात वेळा तेवढ्यानेच काम भागते. समोर लोक गात असतील तर मात्र साथ साधी ठेवा. गाणाऱ्याच्या पायांखालची सतरंजी ओढण्याचा हक्क कुणालाच नाही. आर्नश्टाटच्या त्या अधिकाऱ्यांची तक्रार या बाबतीत रास्त होती.

आणि सर्वांत शेवटी कानाची परीक्षा. नवी साथ बसवून झाली की ती बाजूला ठेवा आणि नुसती चाल गाऊन पाहा. चाल पूर्वीपेक्षा अधिक प्रिय वाटली, तर तुम्ही तिला काही दिलेत. ती उघडी, केविलवाणी वाटू लागली, तर तुम्ही तिच्यापासून काही काढून घेतलेत. ओळखीच्या गाण्यावर आपल्याआधी कित्येकांचे प्रेम बसलेले असते. त्यात भर घालायची तर त्या प्रेमाला धक्का न लावता घातली पाहिजे. कुणाच्या तरी आजीने ते गाणे पाळण्यापाशी म्हटलेले असते, आणि तिच्यापाशी कॉर्ड नव्हती, तानपुरा नव्हता, काहीच नव्हते. तरीही गाणे पुरे होते. ते पुरे होते हे ज्याला मनापासून पटले आहे, त्यानेच त्याला नवी बैठक द्यावी.